विद्यापीठातलं रोजचं जगणं : नवी मुलं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

पदवी मी इथेच केली आणि आता मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. दर वर्षी वसतिगृहात नव्या मुली येतात आणि पहिल्या महिन्याभरात जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. बरेचदा रात्री उशिरा, दाराच्या चौकटीशी उभं राहून, "एक विचारू का?" अशी सुरुवात करून. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत याची उत्तरं नसतात. मला जी सापडली, ती जशीच्या तशी इथे लिहिते आहे.

दिवसाला दोन-तीन तासच लेक्चर असतं. बाकीच्या वेळात करायचं काय?

नव्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं ते वेळापत्रकच. शाळेत प्रत्येक चौकोन भरलेला असायचा, इथे अर्ध्याहून जास्त चौकोन कोरे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, केवढी मोकळीक आहे! चौथ्या आठवड्यात कळलं की खरा अभ्यासक्रम त्या कोऱ्या चौकोनांतच आहे.

हिशोब करून बघा. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष ६० क्रेडिटचं धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. आता आठवड्याला १२ तास लेक्चर आणि तीस आठवडे धरले, तर लेक्चरचे तास होतात ३६०. उरलेल्या हजारापेक्षा जास्त तासांचं वेळापत्रक तुम्हाला कुणी छापून देत नाही. ते स्वतःच मांडावं लागतं. ज्यांना हे उशिरा कळतं, ते सत्राच्या शेवटी धापा टाकताना दिसतात. मीही त्यांतलीच होते.

मी आता इतकंच करते : दोन लेक्चरच्या मधला तास वसतिगृहात परत जाऊन घालवत नाही. खोलीत गेलं की पलंग दिसतो. त्या तासात ग्रंथालयात एकाच ठराविक टेबलावर बसते आणि नुकत्याच झालेल्या लेक्चरची वही उघडते. दुसरं काहीही हाती घेत नाही.

लेक्चरला बसायलाच हवं का? नोट्स तर मिळतातच.

काही लेक्चर कंटाळवाणी असतात हे कबूल. पडद्यावरची पानं वाचून दाखवणारे शिक्षक मलाही मिळालेत. तरीही जा, असंच सांगेन. नोट्समध्ये शेवटी तयार झालेलं उत्तर असतं, तिथवर पोचताना शिक्षक कुठे थांबले, कुठे अडखळले ते नसतं. आमच्या एका बाईंनी फळ्यावर अर्धी मांडणी लिहिली, दोन पावलं मागे सरकून पाहिली आणि "नाही, हे चुकतंय" म्हणून ओढणीच्या टोकानेच ओळ पुसली. मग का चुकत होतं ते दहा मिनिटं समजावलं. त्या दिवसाच्या नोट्स वाचल्या तर ती पुसलेली ओळ कुठेच नाही. मला मात्र तो अख्खा विषय त्या ओळीमुळे कळला.

वहीत लिहू की लॅपटॉपवर?

म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो : लॅपटॉपवर टिपणं घेणारे शब्दन् शब्द उतरवतात आणि समजून घ्यायच्या प्रश्नांत मागे पडतात. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. त्यामुळे माध्यमावरून भांडू नका. शब्दन् शब्द उतरवणं मात्र सोडा, मग ते पेनाने असो की बोटांनी. मी पानाच्या डाव्या बाजूला मोकळी पट्टी सोडते आणि संध्याकाळी तिच्यात प्रश्न लिहिते. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रुजवलेली ही पद्धत. आठवडा संपताना उजवी बाजू झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं देता येतात का ते पाहायचं.

वाचनाची यादी पाहूनच घाम फुटला. हे सगळं खरंच कुणी वाचतं का?

सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत? नाही. हे शिक्षकांनाही ठाऊक असतं, फक्त पहिल्या दिवशी कुणी बोलून दाखवत नाही. मला बारा पानांचा पहिला शोधनिबंध वाचायला एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ लागली, आणि शेवटी त्यात काय होतं ते सांगता येईना. नंतर एका वरच्या वर्गातल्या ताईने शेजारी बसवून दाखवलं : आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, मग तक्ते आणि आकृत्या, मग निष्कर्ष. एवढं झाल्यावर ठरवायचं की मधली पद्धत आणि आकडेमोड वाचायची गरज आहे का. यादीतले दोन-तीन निबंध मात्र मुळापासून, पेन्सिल हातात घेऊन वाचाच. कोणते, हे शिक्षकांना सरळ विचारा. ते सांगतात.

वाचलेल्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. झोटेरोसारखं संदर्भ साठवून ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून आहे. मी ते तिसऱ्या वर्षी वापरायला लागले आणि त्याआधीचे संदर्भ शोधण्यात प्रकल्पाचे दोन पूर्ण दिवस गेले.

वर्गात सगळ्यांना कळतं, मलाच कळत नाही. माझी निवड चुकून झाली असेल का?

हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो, आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आधी वर्गातली एक गोष्ट. पहिल्या वर्षी सांख्यिकीच्या तासाला सरांनी सूत्र लिहिलं आणि भागाकारात 'एन'च्या (म्हणजे एकूण आकडे किती, त्याच्या) जागी 'एन वजा एक' घेतलं. का, ते एका वाक्यात सांगून पुढे गेले. कुणाचा हात वर गेला नाही. सगळे माना खाली घालून लिहीत होते. मला वाटलं, हे बहुतेक आधीच्या शिक्षणात होऊन गेलेलं असणार, माझंच राहिलंय. सत्र संपत आलं तेव्हा आम्ही तिघी एकत्र अभ्यासाला बसलो. वह्या शेजारी शेजारी उघडल्या, तर तिघींच्या वहीत त्याच ओळीपाशी प्रश्नचिन्ह. एकीने तर ते तीनदा गिरवून जाड केलं होतं. तीन महिने आम्ही एकाच रांगेत बसत होतो.

उत्तर साधंच होतं. पाच आकड्यांची सरासरी १० आहे असं आधीच ठरलं, तर पहिले चार आकडे तुम्ही हवे ते घेऊ शकता. पाचवा मात्र तुमच्या हातात राहत नाही, बेरीज ५० व्हायलाच हवी. मोकळे आकडे चारच. म्हणून 'एन वजा एक'. पाच मिनिटांत समजणारी गोष्ट आम्ही तीन महिने एकेकटीने वाहिली.

याला आमच्या विषयात 'प्लुरलिस्टिक इग्नोरन्स' असं नाव आहे : सगळ्यांच्या मनात तेच असतं, पण प्रत्येकाला वाटतं आपलंच वेगळं आहे. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना मुद्दाम डोक्यावरून जाईल असा लिहिलेला मजकूर वाचायला दिला आणि अडलं तर येऊन विचारा असं सांगितलं. कुणी विचारायला गेलं नाही. स्वतः का गेलो नाही, तर संकोच वाटला म्हणून. आणि बाकीचे का गेले नाहीत? त्यांना समजलं असेल म्हणून. प्रत्येकाने स्वतःच्या गप्प बसण्याचा अर्थ एक लावला आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा वेगळाच. वर्गातली शांतता नेमकी अशीच तयार होते.

'आपण लायक नाही, कधीतरी पकडले जाऊ' या भावनेवर पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये लिहिलं. त्यांनी ज्यांचा अभ्यास केला, त्या स्त्रिया नापास होणाऱ्या नव्हत्या, चांगलं यश मिळवलेल्या होत्या. म्हणजे ही भावना मनात आली, एवढ्यावरून तुमच्या कुवतीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ती आली तर येऊ द्या. तिच्यामुळे प्रश्न गिळू नका, एवढंच माझं म्हणणं. भर वर्गात हात वर करणं जमत नसेल, तर शेजारणीची वही बघा आणि "तुला ही ओळ कळली का?" असं विचारा. सुरुवात तिथूनही होते.

प्राध्यापकांच्या खोलीत जायची भीती वाटते. जाऊन बोलायचं काय?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरची नावाची पाटी दोनदा वाचली, आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी जिना उतरून खाली आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हा हातात वही होती आणि वहीत नेमक्या जागी खूण. सगळा फरक त्या खुणेने पडला. "मला हे प्रकरण कळलं नाही" असं म्हटलं की समोरच्यालाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. "इथपर्यंत कळतं, या ओळीवरून त्या ओळीवर कसं गेलो ते कळत नाही" असं म्हटलं की दहा मिनिटांत काम होतं.

विद्यार्थ्यांना भेटायची वेळ बहुतेक शिक्षकांनी दारावर किंवा अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहिलेली असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिथे रांग लागते, एरवी कुणी फिरकत नाही. ईमेल पाठवणार असाल तर विषयाच्या ओळीत विषयाचं नाव लिहा, आत आपलं नाव-वर्ग लिहा आणि एकच प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने नम्रपणे आठवण करा. राग धरू नका. रोज किती ईमेल येतात ते मी एका बाईंच्या पडद्यावर पाहिलंय.

सगळेच शिक्षक प्रेमाने बोलतात असं मी म्हणणार नाही. एकांनी मला "हे तुला यायला हवं होतं" म्हणून परत पाठवलं. फार लागलं. मग त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकांकडे गेले.

इथे मैत्री कशी होते? दोन महिने झाले, अजून कुणीच जवळचं नाही.

दोन महिने हा फार थोडा काळ आहे, हे मला कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या जागी आलेल्या माणसांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीतून साधारण मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणावं इतपत यायला ९० आणि जवळच्या मैत्रीला २०० पेक्षा जास्त. त्यातही एकत्र काम केल्याचे तास फारसे मोजले जात नाहीत. गप्पा मारत, फिरत, उगाच बसून घालवलेले तास मोजले जातात. म्हणजे वर्गात रोज शेजारी बसूनही मैत्री होत नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. वर्ग सुटल्यावर दोघं दोन दिशांना जात असाल तर तास साठणार कसे?

दुसरी गोष्ट जागेची. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. आपले मित्र कोण हे सांगताना अगदी लागून असलेल्या घरातल्यांचं नाव घेण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांचं १० टक्के. एकच मजला, अंतर चार पावलांचं, आणि एवढा फरक! माझ्या इथल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीची खोली पाण्याच्या नळासमोर होती. आम्ही दोघी रोज साधारण एकाच वेळी बाटली भरायला यायचो. एवढीच सुरुवात.

म्हणून दार थोडा वेळ उघडं ठेवा. रोज एकाच वेळी एकाच ठिकाणी दिसा. तीच ती माणसं पुन्हा पुन्हा दिसली की बोलणं आपोआप सुरू होतं. पहिल्या आठवड्यातल्या घोळक्यात आपली जागा झाली नाही म्हणून रडू नका. ते घोळके पहिल्या सत्राच्या शेवटी बहुतेक विरलेले असतात, हे मी पाच वेळा पाहिलंय.

रूममेटशी पटत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांतच बोला, दोघींचाही आवाज शांत असताना. दिवा किती वाजता बंद, फोनवर बोलायचं असेल तर कुठे, पाहुणे आले तर काय, गजर कितीदा वाजू द्यायचा. माझ्या पहिल्या रूममेटचा गजर पाचला, पाच-दहाला आणि पाच-वीसला वाजायचा, आणि ती उठायची सातला. मी चार महिने दात-ओठ खात पडून राहिले. शेवटी बोलले तेव्हा ती अगदी ओशाळली. तिला वाटायचं की मला गाढ झोप लागते. दुसऱ्या दिवसापासून गजर उशीखाली गेला. बोलूनही जमलं नाही तर खोली बदलून मागा. त्यात कमीपणा काही नाही.

घरची फार आठवण येते. फोनवर रडू येतं.

येऊ द्या. पहिल्या सत्रात मी रोज "सगळं छान आहे" असं सांगायचे, आणि फोन ठेवल्यावर आणखी एकटं वाटायचं. कारण ज्या एका माणसाला खरं सांगता आलं असतं, तिलाही मी खोटंच सांगत होते. एकदा आईला म्हटलं, "आई, इथे मला करमत नाही." ती लगेच परत बोलावेल अशी भीती होती. ती फक्त ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बरं झालं बोललीस, तुझ्या आवाजावरून मला कधीच कळलं होतं." त्यानंतर फोन कमी झाले, पण खरे झाले.

परीक्षेचा अभ्यास नेमका कसा करायचा? वाचलेलं राहत नाही.

कारण आपण वाचतच राहतो. सांख्यिकीत मी पहिल्या वर्षी नापास झाले, तोच अनुभव सांगते.

मी सोडवलेली उदाहरणं पुन्हा पुन्हा वाचली होती. प्रत्येक पायरी ओळखीची वाटायची, मान डोलायची, पान उलटायचं. निकालानंतर उत्तरपत्रिका पाहायची सोय असते, ती मी घेतली. सूत्रं बरोबर होती. अक्षर चांगलं होतं. पण पहिल्या प्रश्नाला जी चाचणी लावायची ती मी तिसऱ्याला लावली होती, आणि तिसऱ्याची पहिल्याला. पायऱ्या पाठ होत्या, कोणती कधी वापरायची हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. समास लाल शाईने भरला होता आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "का?" तो कागद मी बराच वेळ धरून बसले होते.

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग मी नंतर वाचला आणि माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के लक्षात होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणजे पुन्हा वाचल्यावर जे 'आलं' असं वाटतं, ते त्या दिवसापुरतं असतं. परीक्षा आठवड्याने असते.

आता मी पुस्तक मिटते, कोरा कागद घेते, आठवेल तेवढं लिहिते, मग पुस्तक उघडून चुकलेलं दुसऱ्या रंगाने भरते. पहिल्यांदा कागदावर जवळजवळ काहीच येत नाही आणि फार वाईट वाटतं. पण ते वाईट वाटणं घरच्या टेबलावर झालेलं बरं, परीक्षेच्या बाकावर नको. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो, हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं.

पुनर्परीक्षेत पास झाले. आता त्याच विषयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शनिवारी शिकवते.

आणि रात्रभर जागून?

नको. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. ती झोपच कापली तर शिकलेलं निम्म्यावर सोडल्यासारखं आहे. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफीन रात्री अकराला तुमच्या रक्तात असतं, मग अंथरुणावर पडून छताकडे बघत राहता.

सबमिशन दर वेळी शेवटच्या रात्रीवरच का येतं? मी आळशी आहे का?

आळस हे एवढंच कारण नसतं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. ही मुलं हुशार होती आणि मनापासून सांगत होती. आपण अंदाज बांधतो तो काही आडवं न येणाऱ्या दिवसांचा. प्रत्यक्षात ताप येतो, प्रिंटर अडतो, मार्गदर्शक गावाला जातात, हवं ते पुस्तक दुसऱ्याने नेलेलं असतं.

माझ्या पदवीच्या प्रकल्पाच्या वेळी शेवटच्या सकाळी फाइल उघडेना. एकच प्रत, एकाच पेन ड्राइव्हवर. सोळा पानं दुपारपर्यंत पुन्हा टाइप केली, आकृत्या राहिल्या त्या राहिल्याच. तेव्हापासून जो अंदाज मनात येतो त्याच्या दीडपट दिवस धरते, आणि फाइल तीन ठिकाणी ठेवते. मुदत वाढवून हवी असेल तर मुदतीच्या आधी मागा. आधी मागितलेले चार दिवस बरेचदा मिळतात, नंतर मागितलेला एकही नाही.

गटात काम दिलंय आणि सगळं मलाच करावं लागतंय.

पहिल्या बैठकीतच कोण काय करणार आणि कधी देणार हे नावासकट लिहून सगळ्यांना पाठवा. "आपण सगळे मिळून करू" या वाक्याचा अर्थ बहुधा "कुणीतरी करेल" असा होतो. तरीही कुणी हललं नाही तर शिक्षकांना आधीच कळवा, सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नव्हे.

चॅटबॉटकडून लिहून घेतलं तर चालेल का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हा मी इथेच शिकत होते. त्यानंतर वर्गातलं लिखाण कसं बदललं ते जवळून पाहिलंय. नियम शिक्षकागणिक वेगळे असतात, म्हणून प्रत्येक विषयाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. न समजलेला मुद्दा वेगळ्या शब्दांत समजून घ्यायला मी वापरते. लिहून घ्यायला नाही. एका मैत्रिणीच्या निबंधात असे दोन संदर्भ आले जे जगात कुठेच नव्हते. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, लेख खोटा. बाईंनी तो लेख शोधायला सांगितला आणि ती दोन दिवस ग्रंथालयात शोधत होती.

शिवाय लिहिताना जे अडतं, तिथेच आपल्याला काय कळलं नाही ते कळतं. ते अडणं दुसऱ्याला देऊन टाकलं तर आपल्याकडे उरतं काय?

ग्रंथालयात जाऊन काय मिळतं? सगळं तर ऑनलाइन आहे.

ऑनलाइन तुम्ही जे शोधता तेच मिळतं. मांडणीवर मिळतं ते शेजारचं. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये आणलेली दशांश पद्धत अजून असंख्य ग्रंथालयांत चालते. मानसशास्त्र १५० ला, भौतिकशास्त्र ५३० ला, साहित्य ८०० पासून पुढे. एक पुस्तक सापडलं की त्याच्या डावी-उजवीकडची दहा पुस्तकं त्याच प्रश्नावर बोलत असतात. माझ्या प्रबंधाचा विषय मला असाच सापडला, हव्या असलेल्या पुस्तकाची जागा रिकामी होती म्हणून शेजारचं काढलं. आत मागे लावलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के होते, शेवटचा अकरा वर्षांपूर्वीचा.

आणि ग्रंथपालांशी बोला. आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं, हे मला चौथ्या वर्षी कळलं. विचारलं म्हणून कळलं.

कार्यालयातली कामं इतकी का रखडतात?

का, ते मला सांगता येणार नाही. एका कार्यालयाने एका दाखल्यासाठी मला पाच फेऱ्या मारायला लावल्या, आणि पाचव्या फेरीला अर्जच सापडत नाही म्हणाले. माझ्याकडे पोच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत घेऊन जाते आणि तिच्यावर तारखेसकट शिक्का मारून घेते.

विषयच चुकला असं वाटतंय.

विषय चुकलाय की एक वाईट सत्र गेलंय, हे आधी वेगळं करा. परीक्षेच्या आठवड्यात ठरवू नका. दुसऱ्या विभागात ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्या वर्गात शिक्षकांच्या परवानगीने दोन-तीन दिवस बसून पाहा. माझ्यासोबतचा एक जण असाच बसला आणि पुढच्या वर्षी विषय बदलून गेला. एक वर्ष मागे पडला, पण आता भेटतो तेव्हा तासभर आपल्या विषयाबद्दलच बोलत असतो. दुसरी एक जण तशीच बसून परत आली आणि इथेच राहिली.

खूपच जड झालं, उठावंसंच वाटेना, तर कुणाकडे जायचं?

बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात. भेट गुप्त राहते आणि ती गुणपत्रिकेवर येत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी शेजारच्या खोलीचं दार वाजवा, वॉर्डनना उठवा, हेल्पलाइनला फोन करा. रात्री दोन वाजता उठवलं म्हणून कुणी रागावणार नाही. मला कुणी उठवलं असतं तर मी रागावले नसते.

मी स्वतः दुसऱ्या वर्षी गेले. मानसशास्त्र शिकत असूनही जायला सहा आठवडे लावले. पहिल्या भेटीत काही बोलताच आलं नाही, खिडकीकडे बघत बसले. बाईंनी घाई केली नाही. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, आणि वेळ संपली तेव्हा एका चिठ्ठीवर पुढच्या मंगळवारची वेळ लिहून दिली. मंगळवारी गेले तेव्हा बोलले.